शेव, चकली आणि सासूबाईंची खोली

घरात उंदीर पाळले आहेत असं मी साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मग ती म्हणाली, "अगं, तिकडे सापळे मिळत नाहीत का?"

आईचं काही चुकलं नाही. आपल्याकडे उंदीर म्हणजे एक तर गणपतीच्या पायाशी लाडू धरून बसलेला, नाहीतर धान्याच्या पोत्याला भोक पाडून गेलेला. तिसरा उंदीर आपल्याला ठाऊकच नसतो. मलाही नव्हता. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी दोन आल्या, आणि त्यांच्यामुळे माझ्या घरातली एक गोष्ट मला दिसली, जी तीन महिने डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या नोकरीमुळे इंग्लंडात आलो. लंडनच्या पश्चिमेला रीडिंग नावाचं गाव आहे, तिथे भाड्याच्या घरात राहतो. आठवड्यातले तीन दिवस मी इथल्या एका प्राथमिक शाळेत लहान मुलांना वाचन शिकवायला जाते. उरलेला वेळ घर, स्वयंपाक आणि आमची नऊ वर्षांची मनू. घर इथल्या मानाने बेताचंच. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. वर आमची खोली, मनूची खोली, आणि तिसरी एक इतकी लहान, की तिला खोली म्हणायचं ते केवळ दार आहे म्हणून. त्यात ह्यांचं टेबल आणि कॉम्प्युटर. हे आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतात, तेव्हा तिथे बसतात.

मागच्या सप्टेंबरच्या अखेरीस सासूबाई बार्शीहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या. सासरे गेले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या मोठ्या वाड्यात त्या एकट्या नकोत असं सगळ्यांचंच मत पडलं. बैठकीच्या खोलीत सोफ्याचा पलंग होतो, तिथे त्यांची झोपायची सोय केली. मला वाटलं, छान झाली सोय. खोली मोठी, उबदार, टीव्ही समोर. आणखी काय हवं?

मनूला कधीपासून एखादं जनावर पाळायचं होतं. कुत्र्याला घरमालकाची परवानगी नाही, मांजराने हे शिंकतात. शेवटी दिवाळीच्या आदल्या शनिवारी बापलेक दुकानात गेले आणि एक पिंजरा घेऊन आले. त्यात दोन जर्बिल, सख्ख्या बहिणी. समोर फराळाची ताटं होती, म्हणून मनूने जागच्या जागी बारसं केलं : शेव आणि चकली.

जर्बिल हा उंदराच्याच जातकुळीतला प्राणी. अंग चार-पाच इंचांचं, शेपटी जवळजवळ तेवढीच. पण आपल्या घरच्या उंदरासारखी उघडी नव्हे, तर केसाळ, आणि टोकाला झुबका. रंग भाजलेल्या रव्यासारखा, पोट पांढरं, डोळे काळेभोर मण्यांसारखे. मागचे पाय लांब, त्यांच्यावर उभं राहून पुढचे दोन हात छातीशी धरून असे काही बघतात, की रागावायचं विसरून जावं. वास जवळजवळ नाहीच. मूळ कोरड्या मुलखातला प्राणी, पाणी थोडं पितो, त्यामुळे लघवीही जेमतेम थेंबभर. आणि एकटा कधी ठेवू नये, कळपात राहणारा आहे, म्हणून दोन.

सासूबाईंनी चष्मा लावून पिंजऱ्यात पाहिलं. "पैशे दिऊन उंदीर आणलं?" एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

पिंजरा ठेवायचा कुठे? मनूच्या खोलीत खिडकीशी गार वारा, दुसऱ्या बाजूला हीटर. म्हणून तोही बैठकीच्या खोलीतच ठेवला. म्हणजे सासूबाईंच्या उशाशी. कुणाला विचारलं नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते मनातसुद्धा आलं नाही.

चार-पाच दिवस गंमतीत गेले. मग सुरू झालं ते उकरणं.

पिंजरा वरून तारेचा आणि खाली प्लॅस्टिकचा ट्रे असलेला. ट्रेमध्ये दुकानदाराने दोन बोटं भुसा घालून दिला होता. त्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून चकली पुढच्या दोन्ही पायांनी उकरायला लागायची. खर्र खर्र, खर्र खर्र. भुसा तर केव्हाच बाजूला उडालेला. नखं नुसती प्लॅस्टिकवर. उकरून काही होत नव्हतं, भोक पडत नव्हतं, तरी थांबत नव्हती. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं, सलग चार मिनिटं. ती दमली की शेव त्याच कोपऱ्यात. दिवसा थोडा वेळ, रात्री जास्त. दोन वाजता पाणी प्यायला खाली उतरावं तरी आपलं खर्र खर्र चालूच.

हे म्हणाले, "व्यायाम करत असतील." मनू म्हणाली, "आई, त्यांना पळून जायचंय का गं? आपण त्यांना आवडत नाही का?" आणि डोळ्यांत पाणी.

मी शिक्षिका. मुलं वर्गात चुळबुळ करायला लागली की आम्ही पहिल्यांदा काय करतो? हाताला काम देतो. मी तेच केलं. उकरायची एवढी हौस आहे ना, मग उकरायलाच देऊ! एका खोलगट पसरट भांड्यात कोरडी स्वच्छ वाळू भरून आत ठेवली. दोघी आनंदाने तिच्यात लोळल्या, उकरली, निम्मी बाहेर उडवली. मला वाटलं, जिंकले. रात्री पुन्हा कोपऱ्यात खर्र खर्र.

मग वाटलं, निवारा नाही म्हणून असेल. एक लाकडी घरकुल आणलं, दार असलेलं. त्यात त्या झोपू लागल्या हे खरं, पण उठल्या की पुन्हा कोपरा. मग मी कोपऱ्यात जाड पुठ्ठा लावला. तो त्यांनी एका दुपारीत कुरतडून खाली पाडला आणि पुन्हा कामाला लागल्या. शेवच्या नाकावरचे केस तारा चावून चावून झिजले आणि गुलाबी कातडी दिसायला लागली, तेव्हा मात्र मला काळजी वाटू लागली.

वाळूचं भांडं मी घासत होते, तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "कोरड्या वाळूत कुठं बीळ टिकतंय व्हय? वरनं ढासळतंय. आमच्या बांधावर बगायचं, ह्येच उंदीर, लांब शेपटीचं. काळ्या रानात बीळ पाडत्यात, वल असंल तितं."

मी "हो का" म्हटलं आणि भांडं घासत राहिले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी त्यांचं कुठलंच बोलणं नीट ऐकत नव्हते.

त्याला कारण होतं. सासूबाई स्वस्थ बसत नसत. सकाळी मी शाळेला निघाले की त्या स्वयंपाकघरात शिरत. परत येऊन बघावं तर मोहरीच्या जागी हिंग, डाळींचे डबे वरच्या फळीवरून खाली, ताटाळं दुसऱ्या भिंतीला. मी काही न बोलता सगळं पुन्हा जागेवर लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओटा पुसलेला असला तरी पुसायच्या. खिडकीचे पडदे उघडायच्या, लावायच्या, पुन्हा उघडायच्या. संध्याकाळी या दारापासून त्या दारापर्यंत फेऱ्या. "आत्या, बसा ना जरा," मी म्हणायची. (आमच्या सासरी सासूला आत्या म्हणतात.) "बसलेच हाय की," म्हणायच्या आणि पुन्हा उठायच्या. मी माझ्या परीने त्यांना काम दिलं : लोकरीचे गुंडे आणले, मेथी निवडायला दिली, पोथी मागवून दिली. मेथी दहा मिनिटांत निवडून व्हायची आणि पुन्हा डबे.

एकदा रात्री मी ह्यांच्याजवळ रडलेसुद्धा. "माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही," म्हटलं. हे बिचारे काय बोलणार? "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," म्हणाले. नेमकं हेच वाक्य बायकोला सांगू नये, हे पुरुषांना कधी कळणार कोण जाणे.

डिसेंबरात शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत मी सहज हा उकरण्याचा विषय काढला. आमच्या शाळेत विज्ञानाचं काम पाहणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी लहानपणी जर्बिल पाळलेले. त्यांनी दोन दिवसांनी मला एका लेखाच्या छापील प्रती आणून दिल्या. बी.ए.ला माझा विषय मराठी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध झुरळापुरता. पण डिक्शनरी घेऊन बसले आणि वाचत गेले, तसं हातातलं काम राहून गेलं.

आधी त्यांचं माहेर सांगते. हे पाळीव जर्बिल मूळचे मंगोलिया आणि उत्तर चीनच्या गवताळ, कोरड्या माळरानावरचे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो, उन्हाळ्यात ऊन भाजून काढतं, आणि वर घुबडं, खाली कोल्हे. अशा ठिकाणी एवढासा जीव जगतो तो केवळ जमिनीखाली. एक कुटुंब मिळून बीळ करतं. बिळाला तोंडं अनेक. आत झोपायची खोली वेगळी, तिला गवताचं मऊ अस्तर. धान्याची कोठारं वेगळी. शरद ऋतूत बिया गोळा करून कोठारं भरून ठेवायची आणि हिवाळा त्यावर काढायचा. आपल्या बाईच्या जातीला यात नवीन काय आहे?

१९३५ साली असे काही जर्बिल पकडून जपानमधल्या प्रयोगशाळेत नेले. १९५४ साली तिथून थोडे अमेरिकेत गेले, आणि पुढे ब्रिटनमध्ये आले. आज घरोघरी पिंजऱ्यात दिसणारे बहुतेक जर्बिल त्या मूठभर प्राण्यांचे वंशज. म्हणजे आमच्या शेव-चकलीच्या कित्येक पिढ्यांनी माळरान पाहिलेलं नाही. तरी उकरणं त्यांच्या अंगात आहे, कुणी शिकवावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. झुरिक विद्यापीठातले क्रिस्टोफ वीडेनमायर यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता : पिंजऱ्यातले जर्बिल कोपरा का उकरतात? त्यांचा लेख १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही पिल्लांना कोरडी वाळू दिली. मनसोक्त उकरता येईल, पण बीळ टिकणार नाही अशी. दुसऱ्या पिल्लांना आयतंच बीळ तयार करून दिलं. उकरणं ही नुसती हौस असती तर वाळूवाली पिल्लं समाधानी राहायला हवी होती. झालं उलटंच. वाळूवाली पिल्लं मोठी होता होता कोपरे उकरू लागली. ज्यांना आयतं बीळ होतं त्यांना ती सवय लागलीच नाही.

मग त्यांनी आणखी एक पायरी पुढे जाऊन पाहिलं. काहींना नुसती खोली दिली, बोगदा नाही. ती पिल्लंही उकरू लागली. खोली आणि तिच्यात शिरायला बोगदा, असं दोन्ही असेल तेव्हाच जीव शांत राहतो.

मी लेख खाली ठेवला. वाळूचं भांडं, लाकडी घरकुल... मी दीड महिना जे जे करून थकले, ते ते सगळं त्या माणसाने आधीच करून, का चालत नाही ते लिहून ठेवलं होतं. आणि वाळूचं म्हणाल तर ते मला माझ्याच स्वयंपाकघरात, विनामूल्य, बार्शीच्या बोलीत सांगितलेलं होतं. मी "हो का" म्हणून सोडून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. आता सांगा, बीळ टिकेल असं काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मी थट्टा तर करत नाही ना, असं. मग पदर खोचला.

नाताळच्या सुट्टीत काम काढलं. एकांकडे माशांची जुनी काचेची पेटी पडून होती. तीन फूट लांब, दीड फूट उंच. ह्यांनी लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकून झाकण केलं. आत भरायला छापखान्याचा नव्हे, तर प्राण्यांसाठी मिळणारा कागदाचा भुगा आणि वाळलेलं गवत आणलं. सासूबाईंचं मत, पाण्याचा हबका मारून ओल द्यावी. पण कोंडलेल्या जागेत ओलीने बुरशी धरते आणि ती त्यांच्या छातीला वाईट, हे मी वाचलेलं. मग तोड निघाली : ओलीऐवजी गवत. भुग्याचा एक थर, वर लांब गवताचा एक थर आडवा, पुन्हा भुगा, पुन्हा गवत. प्रत्येक थर सासूबाईंनी दोन्ही तळहातांनी असा दाबला, जसा आपण वड्या थापतो. गवत छपरातल्या वाशांसारखं काम करतं, वरचा भुगा पेलून धरतं. बघता बघता फूटभर खोल भरलं. तळाशी एक लहान पुठ्ठ्याची पेटी उपडी ठेवली, आणि तिच्या दारापासून वरपर्यंत स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांच्या नळ्या, मध्ये एक वळण देऊन. आत अंधार राहावा म्हणून काचेला बाहेरून तपकिरी कागद लावला.

शेव आणि चकलीला वर सोडलं. दोघींनी उभं राहून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवने नळीत डोकं घातलं आणि गेली. मागोमाग चकली. मग वरचा भुगा जिथे-तिथे हलायला लागला, जशी शिजणारी खीर मधूनच फुटते तसा. थोड्या वेळाने दोघी दिसेनाशा झाल्या. रात्री जेवायला बसलो तरी नाहीत. मनू रडकुंडीला आली. "गुदमरल्या असतील!" सासूबाई म्हणाल्या, "गप बस. घर लावत्यात."

त्या रात्री पाणी प्यायला खाली उतरले तर घरात आवाज नव्हता. इतका नव्हता, की मीच दारात थबकले. दिवा लागलेला. सासूबाई पलंगावर पाय सोडून बसलेल्या.

"आत्या, झोपला नाहीत? आज तर आवाज नाही."

"पोरी झोपल्या बग," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी सहज, "उंदराला बीळ झालं. मला कुटं हाय हितं बीळ?"

त्या हसत होत्या. तक्रार नव्हती ती. पण माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

बैठकीची खोली! सकाळी सहाला हे चहा घेऊन तिथूनच जाणार. सातला मनू टीव्ही लावणार. कुणी आलं-गेलं की आधी त्यांनी उठून अंथरुणाची घडी करायची. लुगडं नेसायचं ते न्हाणीघरात, औषधाच्या गोळ्या माझ्या फ्रीजवर, देवाचा टाक पिशवीत, सासऱ्यांचा फोटो पेटीत कपड्यांच्या खाली. रात्री दहापर्यंत कुणी ना कुणी तिथे बसलेलं, म्हणून त्यांनीही बसून राहायचं. सगळ्या घरात एक दार असं नव्हतं, जे त्या लावून घेऊ शकतील. बार्शीच्या वाड्यात त्यांची माजघराला लागून खोली आहे. दुपारी दोन ते चार ते दार लागलेलं असतं, आणि त्या वेळात सासरेसुद्धा हाक मारत नसत. हे मला ठाऊक होतं. मी लग्न होऊन तिथेच गेले होते. आणि मी त्यांना मेथी निवडायला देत होते.

कुणी म्हणेल, सासूची तुलना उंदराशी करतेस? बाई, तुलना त्यांनी केली. मी फक्त उशिरा ऐकली.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, तुमचं टेबल खाली आणा. "अगं, माझ्या मीटिंगा असतात!" म्हटलं, असू देत. मीटिंग दोन दिवस असते, माणूस सात दिवस असतं. थोडी कुरबुर झाली, मग टेबल खाली आलं. वरच्या त्या इवल्याशा खोलीत एक एकेरी पलंग कसाबसा बसला, उशाशी त्यांची पेटी, खिडकीच्या कट्ट्यावर देव आणि सासऱ्यांचा फोटो. पलंग टाकल्यावर उभं राहायला जागा उरली ती एका माणसापुरती. मला ओशाळल्यासारखं झालं. "लहान आहे हो आत्या," म्हटलं.

त्यांनी दार एकदा उघडून लावून पाहिलं. "दार चांगलं हाय," म्हणाल्या.

त्या दुपारी दोन वाजता त्यांनी दार लावलं, ते चारला उघडलं. खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "च्या टाक गं." तुम्हाला यात काय विशेष वाटेल? पण तीन महिन्यांत त्यांनी मला काही कर म्हणून सांगायची ती पहिली वेळ होती. तोवर त्या पाहुणीसारख्या विचारून घेत, नाहीतर मुकाट्याने स्वतः करून घेत. मी आलं जरा जास्तच किसून घातलं.

आता वाचणाऱ्यांपैकी कुणी परदेशात असेल, मुलं जर्बिलसाठी हट्ट धरत असतील, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. तारेचा उथळ पिंजरा घेऊ नये. काचेची खोल पेटी घ्यावी, वर जाळीचं झाकण. आत निदान आठ-दहा इंच भराव, जास्त असला तर उत्तमच. देवदार-पाइनसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा टाळावा. दगड, मातीची वाटी असलं जड सामान भुग्यावर ठेवायचं नाही. खालून बोगदा गेला की ते कोसळतं आणि जीव चिरडतो. त्याला तळापासून आधार द्यावा. वाळूचं भांडं जरूर ठेवा, पण अंघोळीसाठी. वाळूत लोळून त्यांची लव स्वच्छ राहते. शेपटी धरून कधीही उचलू नये, तिची कातडी सुटून हातात येते. सूर्यफुलाच्या बिया फार आवडतात, पण तेलकट, त्या खाऊपुरत्याच. साफसफाई करताना सगळं बीळ एकदम उपसू नये. थोडा जुना भराव आणि त्यांचं गवताचं अंथरूण परत आत घालावं. आणि घेताना लहानपणापासून एकत्र वाढलेल्या दोन बहिणी किंवा दोन भाऊ घ्यावेत. मोठेपणी अनोळखी आणून सोडला तर जीव जाईपर्यंत भांडतात.

सगळं अगदी गोष्टीतल्यासारखं गोड झालं असं मात्र नाही. शेवच्या नाकावर पुन्हा लव आली, ती आता कोपऱ्याकडे फिरकत नाही. चकली मात्र अजूनही संध्याकाळी थोडा वेळ काचेचा कोपरा उकरते. एकदा अंगात मुरलेली सवय बीळ मिळालं तरी पुरती जात नाही. लहानपणीच मिळायला हवं होतं ते. पण रात्ररात्र चालायचं ते दोन-चार मिनिटांवर आलं. कुकरची शिट्टी झाली की मात्र दोघी मागचे पाय धाडधाड जमिनीवर आपटतात. रानात ही धोक्याची खूण. एकीने दिली की सगळ्यांनी बिळात पळायचं. आमच्या घरी ती वरण शिजल्याची खूण झाली आहे.

डब्यांचं म्हणाल तर सासूबाईंनी ते जाईपर्यंत हलवलेच. पण रोज नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी. आणि एकदा मी न हलवता तसंच राहू देऊन पाहिलं, तर मोहरी खरंच फोडणीच्या हाताशी आली होती. ती आता तिथेच असते.

मार्चमध्ये त्या बार्शीला परत गेल्या. निघताना काचेपाशी वाकून बराच वेळ उभ्या होत्या. आत तळाशी, काचेला लागून, दोघी एकमेकींच्या अंगावर डोकं ठेवून झोपलेल्या. त्यांना उठवू नका म्हणाल्या.

परवा त्यांचा फोन आला. पाऊसपाणी झालं, ज्वारीचं झालं, मनूचा अभ्यास झाला. मग विचारलं, "पोरी बिळात हायत का?"

"आहेत आत्या."

"आनि माज्या खोलीत आता कोन?"

मी वर पाहिलं. हे खाली बैठकीच्या खोलीत टेबलाशी बसून मीटिंगमध्ये बोलत होते. टेबल परत वर न्यायचं अजून कुणी काढलेलं नाही.

"कुणी नाही," मी म्हटलं. "दार लावून ठेवलंय."